मेस्ताचा हात

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकापर्यंत सगळेच जातात. तिथून चालत दहा मिनिटांवर एक टेकडी आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. गेल्या पावसाळ्यात पेडण्याच्या माझ्या मावशीला घेऊन मी ती चढले. एका बाजूला सांत आगुस्तीनच्या पडक्या चर्चचा ४६ मीटर उंच मनोरा, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून दगडी टेकू दिलेल्या जाडजूड भिंतींचं सांता मोनिकाचं कॉन्व्हेंट.

कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते. हा खराखुरा मठ, जोगिणींचा. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, ते १६२७ मध्ये संपलं. १६३६ मध्ये आग लागली, इमारत पुन्हा उभी राहिली. पुढे १८३०च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले आणि नव्या मुली घेण्यास मनाई झाली. आत होत्या त्यांना मात्र राहू दिलं. मग एकेक खोली रिकामी होत गेली आणि १८८५ मध्ये शेवटची जोगीण वारली. त्या शेवटच्या बाईने संध्याकाळची प्रार्थना कुणाबरोबर म्हटली असेल, हा विचार त्या ओवऱ्यांतून चालताना डोक्यातून जात नाही.

या मठाच्या चर्चच्या काही भागात आज ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते आधी १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत उघडलं, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि लिस्बनचं गुल्बेंकियान प्रतिष्ठान यांच्या मदतीने. २००२ मध्ये ते इथे आलं, आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२२ मध्ये पुन्हा खुलं झालं.

आत शिरल्यावर मावशी पहिल्यांदा थांबली ती हस्तिदंती मूर्तींपाशी. गोव्यात घडलेला ‘भला मेंढपाळ’ एकदा पाहिला की विसरत नाही. बाळ येशू उंचवट्यावर बसलेला, पाय एकमेकांवर टाकलेले, गाल हातावर टेकलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, कुशीत कोकरू. गोष्ट बायबलातली, पण बसणं ध्यानस्थ बुद्धाच्या जवळचं. मावशी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हा आपल्या मेस्ताचा हात गं.” मेस्त म्हणजे गोव्याचा सुतार-कारागीर. मावशी मूर्तिकलेवरचं एकही पुस्तक न वाचलेली बाई. पण देवळातले खांब आणि मखरं बघत तिचा जन्म गेला, आणि तिचं म्हणणं खरं होतं.

या मूर्ती बहुतेक इथल्याच कारागिरांनी घडवल्या, आणि त्यांतले कित्येक हिंदू होते. जुनं गोवं ज्या तालुक्यात येतं त्या तिसवाडीतली देवळं पोर्तुगीज सत्तेने १५४०च्या सुमारास पाडली. कित्येक देव रातोरात नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात गेले. १५६७च्या धर्मपरिषदेने तर ख्रिस्ती प्रतिमांचं काम हिंदू चित्रकारांकडून करून घेऊ नये असं ठरवलं. तरी असे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, म्हणजे काम थांबलं नव्हतं. दुसरे कारागीर आणणार कुठून? राउलू नावाचा गोव्याचा सोनार तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोर्तुगालच्या राजासाठी काम करायला लिस्बनला जाऊन आला होता. ज्याच्या गावचं देऊळ पडलं त्यानेच परक्या देवाचा चेहरा कोरला असेल. तो कोरताना त्याच्या मनात काय होतं, हे कुठल्याही कागदात नाही. पण काम मन लावून केलेलं आहे, ते दिसतं. तिथल्या चांदीच्या पेलिकन पक्ष्याचीच गोष्ट घ्या. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारी ही माता म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक. मला मात्र त्या मानेच्या वळणात आपल्या समईवरचा हंस दिसला.

भाषेचंही तेच झालं. हे संग्रहालय जिथे सुरू झालं त्या राशोलमध्येच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. येशूची कथा, भाषा मराठी, छंद ओवीचा, जवळपास अकरा हजार ओव्या. नवा देव आणि जुनी ओवी. मूर्तीत मेस्ताने केलं तेच इथे शब्दांत झालं. म्हणून ही दालनं गोव्याच्या ख्रिस्ती समाजाची जितकी, तितकीच आपलीही आहेत, असं मी मानते. पाडलेल्या देवळांचं दुःख खरं आहे. पण त्या दुःखापायी आपल्याच माणसांच्या हातचं काम परकं ठरवलं, तर त्या कारागिरांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल. एकदा तर तो झालाच आहे, बहुतेकांची नावंच राहिली नाहीत.

अशा कितीतरी वस्तू अजून गावोगावच्या कपेलांत, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांत, आणि जुन्या घरांत आहेत. लाकडी ओरातोर, म्हणजे ख्रिस्ती घरातलं देवघर, वाळवी लागली की माळ्यावर जातं आणि एक दिवस जुन्या वस्तूंचा व्यापारी ते मिळेल त्या किमतीला उचलतो. तुमच्या ओळखीत कुणाकडे असं काही असेल, तर विकण्याआधी एकदा संग्रहालयात दाखवा, असं त्यांना सांगा. आणि पुढच्या गोवा सहलीत बॉम जेझू बघून झालं की गाडीकडे वळू नका. ती टेकडी चढा, घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या, आणि त्यांना काय ओळखीचं वाटतं ते विचारा.