उतारवयातील उद्योग

साठी उलटली की मनुष्याने उद्योगातून अंग काढून घ्यावे, फार तर एखादी तीर्थयात्रा करून यावी, असा आपल्याकडे समज आहे. शरीर थकते हे खरेच. परंतु शरीराबरोबर जिज्ञासेनेही थकलेच पाहिजे, हा कोठला न्याय?

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ साली सावंतवाडी संस्थानात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी हैदराबाद व लाहोर येथे चित्रकलेवर चरितार्थ चालविला. पुढे औंधास राहून वेदसंहिता शुद्ध स्वरूपात छापण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. चित्रकार वेदांकडे वळला, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः ज्याने तासन्‌तास एका मुखावरील छाया न्याहाळली, त्याला मुद्रितातील एकेक स्वरचिन्ह तपासण्याचा कंटाळा का यावा? हाताला लागलेले वळण असे दुसऱ्या कामी येते.

१९४८ साली त्यांनी औंध सोडले. वयाची ऐंशी वर्षे तेव्हा उलटून गेली होती. आज गुजरातेत असलेल्या पारडी येथे त्यांनी कामाची घडी पुन्हा बसविली. १९६८ साली, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

असे आयुष्य व अशी प्रकृती सर्वांनाच लाभत नाही. परंतु घरातील आजोबांनी नातवाची रंगपेटी मागितली, तर ‘या वयात कशाला?’ म्हणून घरात हसू का पिकावे? त्यांच्यापुढे कागद ठेवावा आणि शेजारी पाण्याची वाटी.