रुग्णपत्नीचा एक प्रश्न आणि आपले उत्तर

भोसरीतील माझ्या चिकित्सालयात गेल्या पावसाळ्यात एक भगिनी आल्या. यजमान महाळुंगे येथील कारखान्यात प्रेसशॉपमध्ये पाळीने काम करणारे, वय 45 च्या आतबाहेर. महिनाभर पाय सुजत होते, मग पोट फुगले, सोनोग्राफी झाली आणि अहवालात सिरोसिस व जलोदर असे निदान आले. चार दिवसांनी पुण्यातील यकृततज्ज्ञांची वेळ मिळाली होती. पिशवीतले कागद टेबलावर मांडून झाल्यावर बाईंनी आवाज खाली करून विचारले, "डॉक्टर, तुमच्या गोळ्या चालू होत्या, ते तिथं सांगायचं का नको?"

प्रश्न साधा होता, पण मला तो लागला. दीड वर्षापूर्वी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत या गृहस्थांचे एसजीपीटी वाढलेले आढळले, तेव्हा आरोग्यवर्धिनी मीच दिली होती. हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी करवून घेतली नव्हती. मद्याविषयी विचारले, "कधीतरी" असे उत्तर आले, आणि तेवढेच मी केसपेपरवर लिहिले. गोळ्यांनी अपाय झाला असे मी म्हणत नाही. झाला नाही असे म्हणण्याचाही मला अधिकार नाही, कारण त्या काळात रक्ताची पुनर्तपासणी एकदाही झाली नाही. मधल्या काळात ते परस्पर दुकानातून तीच गोळी आणून घेत राहिले, हे मला त्या दिवशी कळले.

व्यवसायबंधूंनो, बाईंच्या त्या प्रश्नाला आपल्या सर्वांचे एकच उत्तर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे: "सांगा, आणि मी माझ्या लेटरहेडवर लिहून देतो." प्रत्यक्षात तसे घडत नाही. रुग्ण रागावले जाण्याच्या भीतीने लपवतो, आणि आपल्यापैकी काहीजण "तिथे उगाच विषय काढू नका" असे सुचवून त्या लपवण्याला हातभार लावतात. यात शास्त्राची प्रतिष्ठा राखली जाते, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

गुळवेलीचे प्रकरण आठवून पाहा. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवून वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी देशातील 13 केंद्रांतून 43 रुग्णांची माहिती पुढे आली. आपल्या सभांमधून त्यावर बरीच आगपाखड झाली; मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्या रुग्णांपैकी प्रत्येकाच्या हातात वैद्याची चिठ्ठी असती, कोणती वनस्पती, कोणाची निर्मिती, कोणता बॅच, किती दिवस, हे तीवर लिहिलेले असते, तर वादाचा निम्मा भाग उरलाच नसता. नोंद नसलेल्या औषधाची बाजू कोण आणि कशी मांडणार?

म्हणून चिठ्ठी नेमकी असावी. "आयुर्वेदिक औषध चालू" या तीन शब्दांचा तज्ज्ञांना काहीच उपयोग नाही. आरोग्यवर्धिनी असेल तर तीत पारद, गंधक, लोह, अभ्रक व ताम्रभस्म आणि कुटकी आहे, हे लिहावे. मात्रा, आरंभ, शेवटची मात्रा कधी घेतली, हेही. येथे औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. लेबल काढलेल्या डब्यातून पुडीत बांधून दिलेला "लिव्हरचा काढा" कोणत्याच यादीत लिहिता येत नाही. पक्के बिल व मूळ वेष्टन रुग्णाकडे राहू द्यावे. शिवाय यादी आपल्या औषधांपुरती नसावी. पाळीत उभे राहून कंबर दुखते म्हणून आपल्या पट्ट्यातील कामगार डायक्लोफेनॅक चिवड्यासारखे खातो. जलोदरात तेच वृक्कांना घातक ठरू शकते. बाईंच्या पिशवीच्या तळाशी अशा दोन रिकाम्या पट्ट्या निघाल्या.

कागद आम्ही दोघांनी तारखांप्रमाणे लावले. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिॲटिनिन, सोडियम, प्लेटलेट हे आकडे एका पानावर एकाखाली एक लिहिले, कारण व्याधीची तीव्रता मोजण्याचे गुणांक बहुतांशी यांवरूनच काढले जातात. बी आणि सी यांच्या तपासण्या त्याच दिवशी करवून घेतल्या. सोनोग्राफीच्या अहवालासोबत फिल्मही घ्यायला सांगितली.

याहून महत्त्वाचे ते घरात दिसते, आणि ते पत्नीलाच ठाऊक असते. दिवसा झोप व रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, हात थरथरणे, शौचाचा रंग, लघवीचे प्रमाण, रोज सकाळचे वजन. यजमान तज्ज्ञांसमोर बसले की "तसं बरं आहे" म्हणणार, हे आपण जाणतो. म्हणून बाईंनी आत जायचे, वही हातात ठेवायची आणि मद्याचा खरा हिशेबही त्यांनीच सांगायचा, असे ठरले. हा शेवटचा भाग त्यांना जड गेला. त्या बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, ताप किंवा भ्रम यांपैकी काही झाल्यास तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे मी लाल शाईने लिहून दिले.

त्या चार दिवसांत मी चिकित्सा काय केली, असे कोणी विचारील. माझ्या सर्व गोळ्या बंद केल्या, एवढीच. उदररोगात नित्य विरेचन आणि केवळ दुधावर ठेवणे हे आपण पाठ केले आहे. परंतु यकृत थकलेल्या, स्नायू झिजलेल्या रुग्णाला तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून जोरकस विरेचन दिल्यास द्रवक्षयाने वृक्क बसतात आणि भ्रम वाढतो, हे आज निश्चित ठाऊक आहे. मीठ कमी, मद्य पूर्ण बंद, मात्र डाळ-अंडी-दूध चालू आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे, एवढेच सांगितले. प्रथिने तोडण्याचा जुना सल्ला आता तज्ज्ञही देत नाहीत.

ग्रंथांतून घ्यायचेच असेल तर दुसरे काही घ्यावे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात, उदररोगातील अखेरच्या जोखमीच्या उपायापूर्वी, उपाय न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, हे वैद्याने आप्तेष्टांना उघड सांगून अनुमती घ्यावी, असे म्हटले आहे. ज्यांची अनुमती घ्यायची त्यांत राजा आणि गुरू आहेत, तशी पत्नीही आहे. आपण मात्र बहुधा भावाला किंवा मेहुण्याला बाजूला घेऊन कुजबुजतो.

हे सांगण्याचे कारण असे की, बाईंच्या यादीतला शेवटचा प्रश्न प्रत्यारोपणाचा होता. 2012 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्री विलासराव देशमुख चेन्नईत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असतानाच निवर्तले. तेव्हा वेळेत अवयव मिळणे कोणाच्याच हातात नाही. पुण्यात ही प्रतीक्षायादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र चालवते आणि नोंद रुग्णालयामार्फत होते, हे अनेक कुटुंबांना माहीत नसते. दुसरा मार्ग म्हणजे जिवंत दाता. तेथे घरातली सारी मान पत्नीकडे वळते. 1994 च्या कायद्यात पती-पत्नी जवळच्या नात्यात धरले आहेत, त्यामुळे कागद सोपा होतो; जोखीम सोपी होत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पतीला यकृताचा भाग देणाऱ्या पत्नीचा व त्या पतीचाही मृत्यू झाला, ते सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले. अशा घटना विरळ आहेत, पण दात्याला धोका शून्य कधीच नसतो. बाईंना मी सुचवले की हा प्रश्न त्यांनी स्वतःसाठी, यजमानांच्या गैरहजेरीत विचारावा, आणि "नाही" म्हणण्याची मुभा आहे हेही तिथेच विचारून घ्यावे. खर्चासाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटायचे, ईएसआयचे कार्ड न्यायचे, आणि नाशिक रस्त्याची कोंडी धरून सकाळी सहालाच निघायचे, हे ओघाने आलेच.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तज्ज्ञांचा मला फोन आला. माझ्या चिठ्ठीवरून त्यांनी तीन प्रश्न विचारले, पैकी एकाचे उत्तर माझ्याकडे नव्हते: बॅच क्रमांक मी लिहिलाच नव्हता. संध्याकाळी दुकानात जाऊन तो शोधला. दुकानदाराच्या वहीत तो होता. एंडोस्कोपी पुढील मंगळवारी ठरली आहे, आणि बाईंनी वहीचे नवे पान सुरू केले आहे.