भाववाढीचं कलम घरकुलाला का नाही?

ग्रामीण घरकुलासाठी सरकार १ लाख २० हजार रुपये देतं, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. हा आकडा २०१६ सालचा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली, आणखी दोन कोटी घरं मंजूर केली, रक्कम मात्र होती तिथेच ठेवली. घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. भागाकार करून बघा, फुटाला साडेचारशेसुद्धा पडत नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावी साध्या स्लॅबच्या घराचा ठेका दीड हजाराच्या खाली कुणी घेत नाही.

घरकुलांची बरीच कामं केलेल्या एका गवंड्याला मी खर्च विचारला. ‘‘सर, स्लॅब का पत्रे, तेवढं आधी सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘हिशेब तिथंच फुटतो.’’

स्लॅब म्हटला की शंभरेक गोण्या सिमेंट, आठ-साडेआठशे किलो सळई आणि पाचेक ब्रास वाळू. गोणी ३७० रुपयांनी आणि सळई किलोला ५७ रुपयांनी धरली, तर या दोनच गोष्टींत ८५ हजार संपतात. विटा, खडी, सेंट्रिंग, दारं-खिडक्या, मजुरी सगळं पुढेच. वाळू पाच ब्रासपर्यंत फुकट देण्याचं राज्याचं धोरण आहे, पण वाहतूक आपली. घाटाचा लिलावच झाला नसेल तर क्रश सँडला पैसे मोजायचे.

या ८५ हजारांत कर किती? सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. शंभर गोण्यांमागे तीनेक हजार वाचायला हवेत, दुकानदाराने ते पोचवले तर. सळईवर १८ टक्के होताच. तरी दोन्ही मिळून तेरा हजारांच्या आसपास कर भरावा लागतो. शौचालयासाठी याच लाभार्थ्याला वेगळे १२ हजार मिळतात. एका हाताने दिलेलं अनुदान सिमेंटच्या दुकानातून परत जातं, वर हजारभर जास्तच.

सळईचं तर काही खरं नसतं. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं, आणि भंगाराचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेन युद्धामुळे भाव एवढे चढले की केंद्राला मे महिन्यात पोलादावर निर्यात शुल्क लावावं लागलं. नोव्हेंबरमध्ये ते काढलं. दरम्यान ज्याचा पाया भरून झाला होता त्याने काय करायचं? पुढचा हप्ता बांधकामाचा फोटो चढल्याशिवाय मिळत नाही, आणि बांधकाम पैशांशिवाय चढत नाही. मग उधारी, नाहीतर सोनं गहाण.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, हे मान्य. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. उरलेले ३५ हजार, शौचालयाचे १२ आणि रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीचे २८ हजार धरले तरी बेरीज दोन लाखांच्या आतच राहते. दीड हजाराच्या दराने घर चार लाखांचं होतं. म्हणून पत्रे.

रोजगार हमीची मजुरी २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात १९२ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३१२ झाली. महागाई निर्देशांकाला बांधल्यामुळे ती दरवर्षी आपोआप तपासली जात आली. मोठ्या सरकारी कामांच्या निविदांत भाववाढीचं कलम असतं, डांबर-पोलाद महागलं की कंत्राटदाराला फरक मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तोट्यात पूल कोण बांधेल? पण ज्याच्याकडे यंत्रं, बँक आणि वकील आहेत त्याला संरक्षण, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने २०१६ च्या पैशांत घर बांधायचं, याला योजना म्हणवत नाही.

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तयारच असते, ती सुधारलीही जाते. घरकुलाची रक्कम तिला जोडावी. तुमचे आमदार-खासदार चाव्या वाटपाच्या कार्यक्रमाला येतील तेव्हा हार घालण्याआधी हा एक प्रश्न त्यांना जरूर विचारा.