आधी पऱ्हे टाका

नागझिऱ्याच्या गेटमधून बाहेर येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला एकच प्रश्न विचारला जातो. वाघ दिसला का? नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. आत रानगवे होते, अस्वलाने उकरलेलं वारूळ होतं, सांबराने दिलेला इशारा ऐकू आला होता. हे सगळं 'काहीच नाही'च्या खात्यात जमा होतं.

मी या जंगलाला लागून असलेल्या, तिरोडा तालुक्यातल्या एका गावातला. हाच प्रश्न मला रोज आणखी एका ठिकाणी भेटतो. 'एज ऑफ एम्पायर्स 2' खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर. तिथे वाघाला 'स्ट्रॅटेजी' म्हणतात. "गुर्जरांना काउंटर काय?" "दहा मिनिटांत संपवायची ट्रिक सांग ना भाऊ."

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि त्याची उत्तरं विकणारे व्हिडिओ आपल्याला खेळाडू करत नाहीत, प्रेक्षक करतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला हातात एक टाउन सेंटर, बहुतेक वेळा 3 गावकरी आणि टेहळणीला एक घोडेस्वार. गावकऱ्यांनी अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचे, त्यातून गाव वाढवायचं, फौज उभारायची. बुद्धिबळासारख्या पाळ्या नाहीत. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरचा थांबत नाही.

नवा गावकरी तयार व्हायला 50 अन्न आणि 25 सेकंद लागतात. एक घर 5 माणसांची सोय करतं. घर वेळेत बांधलं नाही की नवी माणसं येणं बंद. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं खरं काम एवढंच: टाउन सेंटर रिकामं बसू द्यायचं नाही आणि घरं कमी पडू द्यायची नाहीत. ऐकायला कंटाळवाणं आहे ना? म्हणूनच कोणी करत नाही.

मीही करत नव्हतो. दोन वर्षं हरत होतो आणि माझ्याकडे कारण तयार होतं. आमच्याकडे नेट नाही, लॅपटॉप जुना, पुण्या-मुंबईच्या पोरांशी आमची काय बरोबरी. ऐकणारे मान डोलवायचे. गरिबीचं कारण दिलं की कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

मग एका रात्री लाईट होती, नेट नव्हतं. म्हणून हरलेल्या एका डावाचं रेकॉर्डिंग कागद-पेन घेऊन पाहिलं. पहिल्या 15 मिनिटांत माझं टाउन सेंटर मिळून 4 मिनिटं रिकामं होतं. 4 मिनिटं म्हणजे 240 सेकंद, म्हणजे 9 गावकरी जन्मालाच आले नाहीत. एक गावकरी मिनिटाला साधारण वीसेक अन्न किंवा लाकूड आणतो. म्हणजे दर मिनिटाला 180चा तोटा. एका नाइटला 60 अन्न आणि 75 सोनं लागतं. मी दर मिनिटाला एका घोडेस्वाराहून जास्त मोलाचा माल गमावत होतो, आणि व्हिडिओ पाहत होतो घोडेस्वार लढवायचे कसे याचे.

नेट त्या 4 मिनिटांना जबाबदार नव्हतं. मी होतो. हे कबूल करायला मला हरण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

आमच्या बाबांना हा खेळ कळत नाही. पण मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "पऱ्हे उशिरा टाकले त मंग युरिया मारून का होते?" धानाच्या मुलखात हे पोरालाही माहीत असतं. पावसाबरोबर पऱ्हे टाकायचे, महिनाभरात रोवणी उरकायची. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात, मग बांधीत पुढे काहीही ओता. सुरुवातीला चुकलेला गावकरी हे तसंच न आलेलं रोप आहे.

कोणी म्हणेल, पण शेवटी डोकंच जिंकतं, आपला तर गनिमी काव्याचा वारसा. या शब्दाचा आपण फार सोयीचा अर्थ लावला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' बघा. त्यात किल्ल्यांची निगा आहे, साठवण आहे, आरमारासाठी कोणतं लाकूड तोडायचं याचीही काळजी आहे. तो कावा भरलेल्या कोठारावर उभा होता.

यंत्राचं उदाहरण घ्या. डिसेंबर 2018 मध्ये डीपमाइंडच्या 'अल्फास्टार'ने 'स्टारक्राफ्ट 2'च्या दोन व्यावसायिक खेळाडूंविरुद्धचे पहिले 10 डाव जिंकले, जानेवारी 2019 मधल्या थेट प्रक्षेपणातला एक हरला. त्याच्या क्लिकच्या वेगावर वाद झाला आणि तो रास्त होता. पण जाणकारांच्या डोळ्यांत भरली ती वेगळीच गोष्ट: ते यंत्र रूढ संख्येपेक्षा जास्त कामगार बनवत होतं. खेळाडूंनी त्याच्याकडून उचललं तेही हेच.

शिवाय युक्त्या शिळ्या होतात. एप्रिल 2022 मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं, त्यात गुर्जर, बंगाली, द्रविड आले आणि आमच्या ग्रुपवरच्या अर्ध्या नोट्स रद्दीत गेल्या. गावकऱ्याचे 25 सेकंद मात्र 1999 पासून तेच आहेत.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मेहनत कर म्हणणं हा गावच्या पोराला गप्प बसवायचा जुना डाव आहे. खरं आहे. नेटचा अडथळा खोटा नाही, आणि सरावाला लागणारा मोकळा वेळही सगळ्यांना सारखा मिळत नाही. पण म्हणूनच हे सांगायला हवं की या सरावाला नेट लागत नाही. कॉम्प्युटरविरुद्ध एकटं बसायचं, लढायचं नाही, 15 मिनिटं खेळून थांबायचं. रेकॉर्डिंग पाहून रिकामे सेकंद मोजायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी परत. आकडा उतरला की मगच टेहळणी जोडायची, मग लढाई. हजार डाव नुसते खेळत राहणं हा सराव नाही; मी ते करून पाहिलंय. आमच्या वाट्याला जे फुकट आणि पूर्ण येतं ते सोडून, जे तुटक येतं त्याच्या मागे आम्ही का धावतो?

मी चॅम्पियन झालेलो नाही. दोन महिन्यांत माझे रिकामे सेकंद 240 वरून 40 वर आले आणि पूर्वी ज्यांच्याशी हरायचो त्यांच्याशी बरोबरीने खेळू लागलो. आजही हरतो, पण का हरलो ते मला दाखवता येतं.

किरण पुरंदरे नागझिऱ्यात 400 दिवस राहिले आणि मग 'सखा नागझिरा' लिहिलं. 400 दिवस रोज वाघासाठी कोणी राहत नाही. पक्ष्यांचे आवाज ओळखायचे, पाणवठ्यावर बसायचं, दिसलं ते टिपून ठेवायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. जंगल कळलेल्या माणसाला वाघ दिसला तर तो कुठून आला आणि कुठे जाईल हेही समजतं. जिप्सीतल्या पाहुण्याला फक्त फोटो मिळतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर "स्ट्रॅटेजी सांग" लिहिण्याआधी तुमचा शेवटचा हरलेला डाव उघडा. टाउन सेंटर किती सेकंद रिकामं होतं ते मोजा आणि तो आकडा ग्रुपवर टाका. मी माझा टाकला होता, 240. पहिले दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवशी एकाने स्वतःचा टाकला: 310.