टाळ्या फक्त उड्डाणालाच का?

संध्याकाळी सातनंतर वरळी सी फेसच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात आकाश असतं. मॅपवरचा तो निळा ठिपका सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या संदेशांवर ठरतो. ते संदेश वाटेत आयनांबरातून, म्हणजे वीजभारित कणांच्या थरातून येतात. आणि नेमका याच वेळी तो थर बिघडायला लागतो.

सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग भराभर विरतो, वरचा दाट थर मात्र टिकून राहतो. चुंबकीय विषुववृत्तावर विद्युतक्षेत्र त्याला आणखी वर उचलतं. दाट वर, विरळ खाली. तेलावर पाणी ओतल्यासारखी ही रचना, ती टिकणार कशी? खालून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे फुटतात आणि शेकडो किलोमीटर वर चढतात. ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण पसरतात. जितके उंच जातील तितके लांब पोचतात. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून जातं, तरी कोल्हापूरच्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या आकाशाच्या मंद लाल उजेडात या बुडबुड्यांचे काळे पट्टे टिपलेत. मुंबईही त्यांच्या टप्प्यात येते.

हे कळलं कसं? १९३८ मध्ये पेरूतल्या वान्कायो इथे बुकर आणि वेल्स यांना रात्रीचे रेडिओ प्रतिध्वनी विस्कटलेले दिसले. पुढे लिमाजवळच्या हिकामार्का रडारने सुमारे ५० मेगाहर्ट्झवर तीन मीटरच्या सुरकुत्या पकडल्या, आणि १९७६ मध्ये वुडमन आणि ला ओझ यांनी धुराच्या लोटांसारखे दिसणारे त्यांचे नकाशे छापले. आपल्याकडे थुंबा आणि तिरुपतीजवळचं गादंकी इथली रडारं हेच काम करत आली.

आता खरी गोष्ट. रॉकेट सुटलं की आपण स्टेटस ठेवतो. वर्षानुवर्षं रात्र जागून आकाश मोजणाऱ्यांना मात्र विचारतो, ‘‘याचा उपयोग काय?’’

उपयोगच हवा ना? घ्या. विमानांसाठी आपण गगन ही प्रणाली उभी केली तेव्हा अमेरिकेच्या आकाशासाठी बनलेलं गणित इथे जसंच्या तसं चाललं नाही. आपल्या आकाशासाठी वेगळं मॉडेल करावं लागलं. ते कुठून आलं? कंटाळवाण्या मोजमापांतून.

कुणी म्हणेल, वरळीत ठिपका भरकटतो तो टॉवरांमुळे. खरंय, शहरात बहुतेक वेळा दोष उंच इमारतींचाच असतो. पण कोळीवाड्यातून रात्री निघालेल्या होडीसमोर टॉवर नसतो. जीपीएस बघणाऱ्या तांडेलासाठी समुद्रावर आकाशाचा गोंधळ हाच मोठा गोंधळ ठरू शकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री, सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, तो जास्त.

मोजमापाची किंमत या शहराला तरी सांगायला लागू नये. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. २ सप्टेंबर १८५९ ला सौरवादळ आलं तेव्हा तिथल्या माणसांनी चुंबकीय सुईची हालचाल लिहून ठेवली. त्या नोंदींतून १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण काढली. आजही सौरवादळांच्या चर्चेत कुलाब्याचा तो कागद येतो. तो लिहिणाऱ्याला उपयोग ठाऊक होता का? पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून तेच काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून तिथे मोजणी सुरू झाली. शहराने ट्राम घेतली, पण मोजणी सोडली नाही. त्या काळी एवढं तरी कळत होतं.

म्हणून मागणी साधी आहे. जुनी यंत्रं चालू ठेवायला पैसा द्या. जुन्या नोंदी कोणालाही वाचता येतील अशा खुल्या करा. रडारवर रात्रपाळी करणाऱ्या तरुणाला सहा महिन्यांच्या कंत्राटावर लटकत ठेवू नका, कारण सूर्याचं एक चक्र सुमारे ११ वर्षांचं असतं. एवढी वर्षं सलग मोजल्याशिवाय बुडबुड्यांचा कल कळत नाही.

आणि तुम्ही? वरळीच्या तारांगणात गेलात तर शनीच्या कड्यांबद्दल जरूर विचारा. पण त्यानंतर आपल्या डोक्यावरच्या तीनशे किलोमीटरवर काय चाललंय, तेही विचारा. तिथूनच तर तुमचा ठिपका येतो.