पाडव्याच्या आत तिचं नाव लावा

वडापाव, मिसळ, भजी-समोसा विकून नावारूपाला आलेल्या दुकानांचे मालक, त्यांचे मुलगे, पुतणे आणि घरातली कर्ती मंडळी, हा इशारा तुम्हाला आहे. दुकान पुढे चालवायला मुलगी उभी राहिली असेल आणि तिच्यापुढे सरकवायला तुम्ही हक्कसोडपत्र तयार ठेवलं असेल, तर ते आजच फाडून टाका.

तुमची रीत आता गावोगाव ठाऊक झाली आहे. पहाटे बटाटे उकडायला लावायचे तिने, मसाल्याचं प्रमाण सांभाळायचं तिने. कढईतलं तेल कधी बदलायचं, लादी पाव किती मागवायचा, कारागिरांची उचल कशी भागवायची, हेही तिनेच बघायचं. गल्ल्यावर मात्र भाऊ. वडिलांचं तेरावं उरकलं की कोणीतरी काका गोड आवाजात म्हणतात, "ताई, बँकेचं काम अडलंय, एवढी सही कर." कागदावर बँकेचं काहीच नसतं, तिचा सगळा हिस्सा तिने राजीखुशीने सोडल्याचं लिहिलेलं असतं. तिने वाचायला मागितलं, की माहेर तुटेल अशी धमकी. ही सरळ फसवणूक आहे. तिला घरचा मामला म्हणू नका.

दुकान वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलीचा वाटा मुलाएवढाच. वडिलोपार्जित असेल, तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखी जन्मतःच सहहिस्सेदार. लग्न झालं म्हणून तो हक्क जात नाही. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. "आमची वाटणी तोंडी झाली होती" हा तुमचा लाडका बचावही न्यायालय सहजासहजी मानत नाही, हे त्याच निकालात आहे. आणि फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र नोंदवलेलं असलं तरी रद्द होऊ शकतं. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत तिला दाद मागता येते.

अन्न परवाना गुपचूप भावाच्या नावावर करायचा, दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क पुतण्याच्या नावे नोंदवायचा आणि मग त्याच नावाच्या शाखा परक्यांना विकायच्या, हा नवा उद्योगही बंद करा. गिऱ्हाईक ज्या चवीसाठी रांगेत उभं राहतं ती तिच्या हातात आहे. नुसती पाटी विकून तुम्ही त्या गिऱ्हाइकालाही फसवता आहात.

बाईमाणसाला एवढा पसारा झेपणार नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याने कॅलिफोर्नियाकडे बघावं. हॅरी आणि एस्थर स्नायडर यांनी १९४८ साली सुरू केलेल्या इन-एन-आउट बर्गरची सूत्रं २०१० साली त्यांच्या नातीकडे, लिन्सी स्नायडर यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. शाखा वाढल्या, पण एकही परक्याला चालवायला दिली नाही.

जे वडील अजून दुकानात बसतात त्यांनीही ऐकावं. मुलीच्या कष्टांवर धंदा वाढवून वारसाचा प्रश्न मरणावर ढकलणं हा तुमचा अपराध आहे. भागीदारीपत्रात तिचं नाव आजच घाला, मृत्युपत्र नोंदवून ठेवा.

आणि ताई, तूही ऐक. न वाचता एकाही कागदावर सही करू नकोस, कोरा मुद्रांक तर हातातही घेऊ नकोस. सातबारा, मिळकत पत्रिका, भाडेकरार, परवाने, बँकेचे उतारे, सगळ्यांच्या नकला आजच काढून ठेव.

मुदत दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आहे. त्या दिवशी नव्या वह्यांची पूजा होईल, त्याआधी भागीदारीपत्रावर, परवान्यावर आणि ट्रेडमार्कच्या अर्जावर तिचं नाव लागलं पाहिजे आणि गेल्या वर्षांचा हिशेब तिच्यापुढे उघडला गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या भाऊबिजेला ओवाळणीत साडी घालून हा हिस्सा फिटणार नाही. नाव लागलं नाही, तर सुटी संपून न्यायालयं उघडतील त्या पहिल्याच दिवशी वाटणीचा दावा दाखल होईल, गल्ल्याचा हिशेब मागितला जाईल आणि दुकान किंवा त्याचं नाव परस्पर विकायला मनाई हुकूम मागितला जाईल. मग समेटासाठी काकांना मध्यस्थ म्हणून पाठवू नका. बोलणं तिच्या वकिलाशी होईल.