अँजिओग्राफी निर्दोष, हृच्छूल कायम

अँजिओग्राफीचा अहवाल निर्दोष, परंतु छातीतील वेदना कायम, अशा स्त्रिया परळ-लालबाग परिसरातील आपल्या चिकित्सालयांत वरचेवर येतात. बहुतेक रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या किंवा तो ओलांडलेल्या. “हृदय उत्तम आहे, मनाला लावून घेऊ नका,” असे सांगून त्यांची बोळवण झालेली असते. आपल्याकडे त्यांना अर्जुनारिष्टाची बाटली आणि विश्रांतीचा सल्ला मिळतो. या दोहोंनी रुग्णेची हानीच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रोहिण्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसत नाहीत. श्रमाच्या वेळी या सूक्ष्म वाहिन्या पुरेशा विस्फारल्या नाहीत, तर हृदयाच्या मांसपेशींना रक्त अपुरे पडते व शूल उठतो. हाच मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना. १९७३ पासून अशा दुखण्यास ‘सिंड्रोम एक्स’ म्हणत; कारण ठाऊक नसल्याची कबुली त्या नावातच होती. वेदना श्रम थांबल्यावरही रेंगाळते, जिभेखालच्या गोळीने कित्येकदा लगेच शमत नाही; म्हणून तिला ‘गॅस’ म्हणून मोकळे होणारे आपल्यातही कमी नाहीत. भीतीने रुग्णा चालणे सोडते, बल घटते आणि अधिकच थोड्या श्रमाने दुखू लागते. मग गिरगावातील चाळीचा दुसरा मजलाही तिला गडासारखा वाटतो.

ही साखळी व्यायामानेच तुटते. स्वीडनमधून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या व्यायामाने अशा स्त्रियांची श्रमक्षमता वाढली आणि वेदना उशिरा सुरू होऊ लागली. अभ्यास लहान होता, हे खरे. परंतु नियमित चालण्याने वाहिन्यांच्या अंतःस्तराची विस्फारण्याची क्षमता सुधारते, हे आता सर्वमान्य आहे.

प्रश्न मात्रेचा आहे, आणि तेथे आपले शास्त्र मुके नाही. हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे, हे सुश्रुताने अर्धबलाचे लक्षण सांगितले आहे. श्वासासाठी तोंड उघडावे लागले की थांबावे, ही खूण कोणत्याही यंत्राविना रुग्णेस शिकविता येते. मात्र अर्धशक्ती म्हणजे तिच्या आजच्या शक्तीचे अर्ध, शेजारणीच्या नव्हे. शूल त्याआधी उठला, तर तेथेच थांबावे. आरंभी दहा मिनिटे, सपाटीवर, संथ सुरुवात करून. शिवाजी पार्कची फेरी त्यास उत्तम, दादरचा पूल नव्हे. सोसेल तसे काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत न्यावे. वाग्भटाने शीतकाळ व वसंत सोडून इतर ऋतूंत मात्रा कमी करण्यास सांगितले आहे. मुंबईच्या ऑक्टोबरात ते आवर्जून पाळावे. पावसाळ्यात चाळीची गॅलरीही पुरते.

मात्र हे सारे हृद्रोगतज्ज्ञाने निदान निश्चित करून चालण्यास अनुमती दिल्यानंतरचे. चालू असलेली आधुनिक औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. पांडू व रक्तदाब तपासावा. अर्जुन द्यायचा असल्यास तोही तज्ज्ञास कळवून, चालण्याच्या जोडीला द्यावा, चालण्याऐवजी नव्हे.

औषधालयांच्या मालकांना वेगळे सांगणे आहे. “छातीत दुखते” म्हणणाऱ्यास काउंटरवरून अर्जुनारिष्ट विकणे बंद करावे. दुखणे नवे असेल, विश्रांतीतही उठत असेल, सोबत घाम वा दम असेल, तर बाटली फडताळातच राहू द्यावी आणि त्या व्यक्तीस तत्काळ के. ई. एम. किंवा जवळच्या रुग्णालयात पाठवावे.